आजी, शिकागो कब्स आणि गुळातल्या लाह्या : लहानपणी तुम्हाला कुठल्या टीमचं वेड होतं?

ॲडिसनची_पोर

सकाळपासून एक धून डोक्यातून जात नाहीये. सहाच सूर आहेत, बेसबॉलच्या मैदानावर ऑर्गनवर वाजवतात ती, टटट टाऽ ट टाऽ, आणि तिच्यामागून सगळं पब्लिक एका आवाजात ओरडतं. भांडी लावताना मी तीच गुणगुणत होते आणि मग पोळ्या लाटतानाही तीच, शेवटी म्हटलं आता हे कुठेतरी लिहूनच काढू, म्हणून धागा.

आम्ही १९९७ च्या ऑगस्टमध्ये डोंबिवलीहून शिकागोजवळ स्कोकीला आलो, मी दहा वर्षांची. शाळेत भाषा कळायची पण बोलणं कळायचं नाही, म्हणजे शब्द समजायचे पण मुलं हसतात कशाला ते समजायचं नाही. त्या सगळ्यांच्या डोक्यावर एकच निळी टोपी, लाल सी लिहिलेली. पहिला हिवाळा असाच खिडकीत बसून गेला.

मग एप्रिल ९८ मध्ये आजी आली, बाबांची आई, सहा महिन्यांच्या व्हिसावर. ती विमानात बसली आणि दोन दिवसांत शारजात सचिनने ऑस्ट्रेलियाला धुतला, २२ तारखेला १४३ आणि २४ ला, म्हणजे स्वतःच्या वाढदिवशी, फायनलला १३४. आजीचे ते दोन्ही सामने हुकले. आमच्या टीव्हीवर क्रिकेट नावालाही नव्हतं आणि तिकडून काकाने फोनवर सांगितलं तेव्हा आजी इतकी हळहळली की रात्री नीट जेवली नाही. ज्या बाईने आयुष्यभर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत भाजी निवडली तिला दुपारी काहीतरी सामना हवाच होता, आणि आमच्या टीव्हीवर दुपारी सामना लागायचा तो एकच, कब्सचा, म्हणजे शिकागोच्या बेसबॉल टीमचा.

हे दुपारचं प्रकरण सांगायला हवं. कब्सच्या रिग्ली फील्डवर १९८८ च्या ऑगस्टपर्यंत दिवेच नव्हते, मैदान १९१४ चं, त्यामुळे घरचे सामने उजेडातच व्हायचे आणि दिवे आल्यावरही बरेचसे दुपारीच राहिले. शिकागोतल्या कित्येक पोरांचं कब्सवेड असंच तयार झालंय, शाळेतून घरी आलं की दप्तर टाकायचं आणि शेवटच्या तीनचार इनिंग बघायच्या.

६ मे १९९८, बुधवार. मी शाळेतून आले तर आजी सोफ्यावर नाही, टीव्हीच्या समोर खाली जमिनीवर बसलेली, हातात लाइटबिलाचं पाकीट आणि त्याच्यावर पेन्सिलीने रेघा. म्हणाली, "ये बस, बोलू नको, एक पोरगं आहे, येईल त्याला नुसतं परत पाठवतंय." ते पोरगं म्हणजे केरी वुड. वय वर्षं वीस. ह्यूस्टनविरुद्ध. बेसबॉलमध्ये एका टीमचे नऊ इनिंगमध्ये २७ जण बाद करायचे असतात, त्यातले २० त्याने बॅट न लागू देता बाद केले, चार वाईट बॉल टाकून एकालाही फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, जाऊ दिलं नाही, अख्ख्या सामन्यात एकच हिट. नऊ इनिंगमध्ये २० हे त्याआधी फक्त रॉजर क्लेमेन्सने केलं होतं, दोनदा. स्टेडियममध्ये जेमतेम सोळा हजार लोक होते त्या दिवशी आणि आमच्या हॉलमध्ये डोंबिवलीची एक पासष्ट वर्षांची बाई, जिला नियम माहीत नव्हते पण काहीतरी जगावेगळं चाललंय हे बरोबर कळलं होतं. पाकिटावर रेघा १८ होत्या, पहिल्या दोन तिच्या लक्षात यायच्या आधीच्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी पहिल्यांदा आपणहून कुणाशी बोलले. म्हणाले, माझ्या आजीने वुडचा सामना पूर्ण बघितला. मधल्या सुट्टीत माझ्याभोवती घोळका.

तुमचं सांगा. कुठली टीम, कुणाबरोबर बघायचात, काय खात बघायचात, आणि अशी एखादी धून जी अजून सुटत नाही.

---

गिरगावकर_जुना

वा वा, वाचनखूण साठवली. पाकिटावरच्या रेघा डोळ्यांपुढे आल्या.

बाळ पंडितांचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात मोठा रेडिओ, तो गॅलरीत काढून ठेवायचे आणि तीन मजले कठड्याला टेकून ऐकायचे. त्रिफळा उडाला म्हटलं की ती यष्टी दिसायचीच, टीव्हीवर नंतर कधी तेवढी स्पष्ट दिसली नाही.

माझं वेड म्हणजे मुंबई, रणजीची मुंबई. १९९१ ची फायनल, वानखेडेवर, हरियाणाविरुद्ध, शेवटच्या दिवशी ३५५ हवे होते आणि आपण ३५२ ला ऑलआउट. दोन धावांनी. वेंगसरकर नाबाद १३९ आणि मैदानावर रडताना बघितला त्याला. मी तेव्हा नोकरीला लागलेला घोडा, पण बाहेर पडल्यावर चर्चगेटपर्यंत कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आम्ही चौघं मित्र वडापाव घेऊन तसेच उभे, तो वडापाव गार झाला. जिंकलेल्या फायनल्स मला नीट आठवत नाहीत बघा, ही अजून ओव्हर टू ओव्हर आठवते.

धून विचाराल तर विविध भारतीवरच्या जाहिराती. १९६७ ला मुंबई पुणे नागपूरला त्या सुरू झाल्या आणि आमचं अभ्यासाचं वाटोळं झालं. निरमाची तर आता माझा नातू म्हणतो, त्याने ती पावडर कधी बघितलीही नसेल.

---

चिंगी_जळगाव

अगं बाई काय सुंदर लिहिलंयस!! मला बेसबॉल अजिबात परका वाटत नाही कारण आम्ही शाळेत सॉफ्टबॉल खेळायचो, आमच्याकडे शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉलचं फार प्रस्थ. जिल्हा, विभाग, राज्य असं करत एसटीने फिरलोय. मी कॅचर होते. ग्लोव्हज शाळेचे, तेही डाव्या हाताचे कमी पडायचे मग इनिंग संपली की समोरच्या टीमच्या पोरीला तिथेच मैदानात काढून द्यायचे, ती घालायची, परत आमची फिल्डिंग आली की उलट. ऊन म्हणजे जळगावचं ऊन, ४४ डिग्री. स्लाइड मारून मांडीला जी खरवड निघायची ती घरी दाखवायची सोय नाही.

आम्ही खायचो काय तर शेव मुरमुरे, वरून कच्चा कांदा आणि हिरवी मिरची, जमलं तर कच्चं तेल. दोन मिनिटं. कागदावर ओतायचं आणि सगळ्यांचे हात एकदम.

एक विचारते, तुझ्या आजीने मग नियम शिकून घेतले का? स्कोअर लिहायची का पुढे? आमच्या बाईंनी आम्हाला स्कोअरशीट भरायला शिकवलं होतं म्हणून विचारते, मला ते खेळण्याइतकंच आवडायचं.

---

ॲडिसनची_पोर

चिंगी, हाच प्रश्न कुणीतरी विचारावा असं वाटत होतं :)

शिकली तर! बाबांनी ऑफिसातल्या एकाकडून समजून घेतलं आणि शंभर पानी वही आणून दिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बेसबॉलच्या स्कोअरमध्ये प्रत्येक जागेला नंबर असतो. बॉल टाकणारा १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मग लांबचे तिघं डावीकडून ७, ८, ९. म्हणजे बॉल शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याने दुसऱ्या बेसवाल्याला दिला, त्याने पहिल्या बेसला फेकला आणि दोघं बाद झाले तर लिहायचं ६-४-३. एवढ्या तीन आकड्यांत ती अख्खी धावपळ. आजी हे मराठी आकड्यांत लिहायची. तिचा ६ असा गोल वळणाचा, बँकेच्या पासबुकात सही केल्यासारखा ठसठशीत.

स्ट्राइकआउटला, म्हणजे वुडने केले तसं बाद केल्याला, इंग्रजीत के लिहितात आणि बॅट न फिरवता नुसता बघत बसून बाद झाला तर उलटा के. आजीला उलटंसुलटं लिहिणं पटेना. तिने स्वतःची खूण काढली, फिरवून हुकला तर 'हु' आणि उभाच राहिला तर 'उ'. कॅच गेला तर 'झे'. होमरन, म्हणजे बॉल थेट मैदानाबाहेर, मारली की चांदणी. चारी बेस फिरून कुणी धाव काढली की "चारी खुंट फिरून आला" म्हणायची.

ऑर्गनचं सांगायचं राहिलं. पहिल्यांदा टीव्हीवर तो वाजला तेव्हा आजी ताठ बसली. "अगं हा ऑर्गन! संगीत नाटकाला असायचा आमच्याकडे, पायपेटी." तिच्या माहेरी सगळे नाटकवेडे, तिला वाटायचं ऑर्गन वाजला म्हणजे आता नांदी होणार आणि पडदा उघडणार. इथे सामन्याला कसा काय वाजतो याचं तिला केवढं कौतुक. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानांत ऑर्गन पहिल्यांदा वाजला तो रिग्लीवरच, १९४१ ला. ९८ साली वाजवणारे होते गॅरी प्रेसी, त्यांनी पुढे २०१९ पर्यंत वाजवला. आणि सातव्या इनिंगच्या मध्ये सगळं पब्लिक उभं राहून ते जुनं गाणं म्हणतं. हॅरी कॅरी नावाचे कॉमेंटेटर वर्षानुवर्षं खिडकीतून वाकून ते गायचे, ते त्याच फेब्रुवारीत गेले, त्यामुळे ९८ पासून दर सामन्याला नवा पाहुणा गाऊ लागला. त्यातले काहीजण इतके बेसूर की आजी कानावर हात ठेवायची पण उभी मात्र राहायची. हॉलमध्ये, साडीचा पदर खोचून, जमिनीवर. मीपण उभी. आई स्वयंपाकघरातून डाव घेऊन बाहेर यायची आणि तीही उभी.

---

टोरोंटोची_ताई

मी आले मी आले, धागा बघून राहवलं नाही :) आम्ही ब्लू जेज. २३ ऑक्टोबर १९९३, जो कार्टर, नवव्या इनिंगमध्ये तीन रनची होमरन आणि वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलची सात सामन्यांची फायनल, तिथेच संपली, ८-६. मी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, नवऱ्याच्या मित्राच्या बेसमेंटमध्ये पंधरा जण, त्यात आम्ही दोघंच मराठी, मला काहीही कळत नव्हतं पण तो माणूस बेसेसवरून उड्या मारत मारत जो गेला तो आनंद कळायला काही लागत नाही. रस्त्यावर भांडी वाजवत फिरलो आम्ही. भांडी मी माझ्याच रुखवतातली नेलेली, एका पातेल्याला अजून पोचा आहे.

आणि मग बत्तीस वर्षं वाट बघून २०२५ ला परत फायनल, डॉजर्सबरोबर सातवा सामना, घरच्या मैदानावर, अकराव्या इनिंगला ५-४ ने गेला. माझा मुलगा २६ वर्षांचा घोडा, मांडीवर डोकं ठेवून रडला. लहानपणी ताप आला की ठेवायचा तसं. मी केसातून हात फिरवत बसले. त्या रात्री एक वाजता मी त्याला तूप मेतकूट भात करून दिला, दुसरं काय करणार.

---

कोरडी_चटणी

लेख छान आहे, आठवणी छानच. पण ९८ च्या त्या सीझनबद्दल एक गोष्ट खटकते म्हणून स्पष्ट विचारतो. त्या वर्षी सेंट लुईसचा मॅग्वायर ७० आणि तुमच्या कब्सचा सोसा ६६ होमरन अशी जी शर्यत झाली त्याचं तेव्हा प्रचंड कौतुक झालं आणि मॅग्वायरने २०१० मध्ये स्वतः कबूल केलं की स्टिरॉइड घेत होतो. मग त्या उन्हाळ्याकडे आता त्याच प्रेमाने बघता येतं का? मला सायकलिंगचं वेड होतं आणि त्यात असंच झाल्यावर मी सगळी कात्रणं रद्दीत दिली. म्हणून खरंच जाणून घ्यायचंय.

---

ॲडिसनची_पोर

कोरडी_चटणी, बरं झालं विचारलंत. मलाही राग आला होता, आणि तो सोसावर जास्त आला कारण माझ्या खोलीत पोस्टर त्याचं होतं. त्याचं आणि क्लबचं बरीच वर्षं येणंजाणंच नव्हतं, २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्याने चुका झाल्याचं मान्य करून माफी मागितली आणि मग जानेवारीत फॅन्सच्या संमेलनाला आला.

९८ च्या जूनमध्ये त्याने एका महिन्यात २० होमरन मारल्या, तेवढ्या एका महिन्यात कुणीच कधी मारलेल्या नाहीत. वहीत जूनची पानं चांदण्यांनी भरलीत. आजी म्हणायची, "सोसा नाव आहे, सोसायची सवय असणार." मी त्या पानांवर काट मारली नाही. ती चांदणी सोसाची आहे तशी आजीच्या हाताचीही आहे. पण खरं सांगू का, मला त्या वर्षातल्या होमरन्सपेक्षा जास्त आठवतो तो ब्रँट ब्राऊन.

२३ सप्टेंबर, मिलवॉकीत सामना. कब्सला प्लेऑफसाठी एकेक सामना महत्त्वाचा. नववी इनिंग, ७-५ पुढे, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, आणि डावीकडे एक साधा उंच कॅच आला. संपलाच सामना. ब्राऊन बॉलखाली आला, ग्लोव्हला लागून बॉल खाली. तिघं धावत घरी, ८-७ ने हरलो. रेडिओवर रॉन सँटो, कब्सचे जुने खेळाडू, नुसते कळवळून ओरडले. बाबा उठून बाहेर गेले. मी त्या माणसाला काहीतरी वाईट बोलले, मराठीतच. आजीने वहीत 'झे' अर्ध लिहिलं होतं, ते तसंच अर्ध आहे. माझ्याकडे वळून म्हणाली, "असं बोलू नये. त्या पोराला आज जेवण जायचं नाही." मग देवापाशी गेली, नवरात्र चालू होतं, आणि दिव्यात तेल घालून आली. काय म्हणाली देवीला ते माहीत नाही.

पाच दिवसांनी २८ ला जायंट्सबरोबर एकच जास्तीचा सामना झाला, जो जिंकेल तो पुढे, कब्सने ५-३ ने घेतला. मग अटलांटाने तीन सामन्यांत गुंडाळलं. तेव्हा आजीची बॅग भरणं चालू होतं.

म्हणून विचाराल तर हो, बघता येतं. शर्यत गेली तर गेली. वुडचे २० आहेत, ब्राऊनचा कॅच आहे.

---

कोरडी_चटणी

कात्रणं दिली त्याचं आता थोडं वाईट वाटतंय. वडील जपून कापायचे, कात्रीने, कडा सरळ. धन्यवाद.

---

पेठेतला

आमच्याकडं कोल्हापुरात फुटबॉल वो. पेठेवर टीम. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ असला सामना असला की शाहू स्टेडियमवर बसायला जागा न्हाई, घरात भाऊभाऊ वेगवेगळ्या बाजूला. माझी आई एका पेठेची आणि वडील दुसऱ्या पेठेचे, सामन्याच्या दिवशी आमच्यात स्वयंपाक लवकर आटपायचा, कारण नंतर कोण कुणाशी बोलणार न्हाई हे ठरलेलं. आजोबा मात्र क्रिकेटवाले. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ ला पुण्यात काठियावाडविरुद्ध ४४३ नाबाद केले, ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ कमी, आणि समोरच्या टीमनं सामनाच सोडून दिला. हे आजोबा असं सांगायचे की जणू काल झालंय, आणि दर वेळी शेवटाला "नऊ रं, फकस्त नऊ" म्हणून मांडीवर थाप.

खायला भडंग. कढईत तेल जरा सढळ, लसूण ठेचून सालासकट, कढीपत्ता, शेंगदाणे, लसूण कुरकुरीत झाला की गॅस बंद करायचा आणि मगच तिखट मीठ आणि चिमटभर पिठीसाखर, न्हाईतर तिखट जळतंय. वरून भडंगाचे जाड कुरमुरे. बारके पांढरे मुंबईचे चालत न्हाईत, ते मऊ पडतात.

ताई, तुम्ही कधी आजीला मैदानावर नेलं का न्हाई?

---

ॲडिसनची_पोर

नेलं की दादा! जूनमधल्याच एका दुपारी. स्कोकीहून यलो लाइनने हॉवर्ड, तिथे रेड लाइन पकडून ॲडिसन स्टेशन, उतरलं की मैदान समोर. माझं आयडी तिथूनच आलंय. आजी पाचवारी साडी, वरून बाबांचा स्वेटर आणि डोक्याला ती निळी टोपी. टोपी अंबाड्यावर बसेना म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत वेणी घातली.

आत शिरल्यावर जिना चढून वर आलं की एकदम ते हिरवं दिसतं. मैदानाच्या पलीकडच्या कडेची भिंत विटांची आणि तिच्यावर वेल चढवलेली, १९३७ पासूनची. बॉल वेलीत अडकला तर खेळाडू दोन्ही हात वर करतात, मग बॅटरला दोन बेस. स्कोअरबोर्ड अजून हाताने बदलतात, आत माणसं बसून पत्रे सरकवतात. आजी सामन्याइतकंच त्या चौकोनातून दिसणाऱ्या हाताकडे बघत होती.

तिथे बाहेरचं खाणं नेऊ देतात म्हणून आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचं लोणचं नेलं होतं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच, त्यांच्याही मांडीवर स्कोअरचा कागद. त्यांनी आजीच्या वहीत डोकावून पाहिलं, आकडे ओळखू येईनात पण चौकोन ओळखीचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण एकदा आजी पाणी प्यायला वाकली आणि एक बाद हुकला तर त्यांनी बोटांनी दाखवलं, पाच, तीन. आजीने लिहिलं ५-३. आजीने त्यांना दशमी दिली आणि त्यांनी आम्हाला क्रॅकर जॅकचं खोकं दिलं.

क्रॅकर जॅक म्हणजे पॉपकॉर्न आणि शेंगदाणे पाकात घोळवलेले, शिकागोचीच वस्तू, १८९६ पासून ह्या नावाने मिळते आणि १९१२ पासून आत बक्षीस म्हणून छोटी वस्तू असायची, २०१६ पासून तिच्या जागी फोनवर बघायचा कोड आला. सातव्या इनिंगच्या गाण्यातही त्याचं नाव येतं. गाणं १९०८ चं, आणि कब्सनी ९८ पर्यंत शेवटची वर्ल्ड सीरिज जिंकली होती तीही १९०८ लाच. आजीने एक दाणा तोंडात टाकला, चावला, आणि निकाल दिला, "ही लाह्यांची चिक्की आहे. गूळ नाही म्हणून अशी लागते."

दुसऱ्या दिवशी घरी केली. लिहून देते, पंधरा मिनिटं लागतात:

पाव वाटी मक्याचे दाणे जाड बुडाच्या पातेल्यात फोडून घ्यायचे, न फुटलेले वेचून काढायचे, नाहीतर दात जायचा. अर्धी वाटी शेंगदाणे भाजून सोलून. पाऊण वाटी चिक्कीचा गूळ आणि मोठा चमचाभर तूप मंद आचेवर, सारखं हलवत. पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघायचा, ओढला की ताणला जातो तोवर नाही, कट्‌कन मोडला पाहिजे. मग चिमूट मीठ, चिमूट खायचा सोडा, पाक फुलून वर येतो, गॅस बंद, लगेच लाह्या आणि दाणे घालून भराभरा हलवायचं. तूप लावलेल्या ताटात पसरून गार करायचं. सोडा विसरू नका, त्यानेच खुसखुशीत होतं, नाहीतर दगड.

---

मुगाचालाडू

मी पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय इथे. २०१६ ला जिंकले तेव्हा आजी होत्या का? मला त्या फायनलबद्दल एवढंच माहीत आहे की मध्ये पाऊस पडला होता.

---

ॲडिसनची_पोर

नव्हती. २०११ ला गेली, डोंबिवलीत.

२ नोव्हेंबर २०१६, क्लीव्हलंडला सातवा सामना. नऊ इनिंग बरोबरीत, मग पाऊस, १७ मिनिटं सगळं थांबलं, मी बाथरूममध्ये जाऊन बसले होते कारण हॉलमध्ये बसवेना. दहाव्या इनिंगला ८-७. १०८ वर्षांनी. बाबा सोफ्यावर हात जोडून बसलेले आणि आई म्हणाली, "सात आठ, बघ ना, तेव्हाचाच आकडा उलटा." मिलवॉकीला हरलो तो.

त्या दिवसांत रिग्लीच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर लोक खडूने आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहीत होते. भिंत भरली, मग फुटपाथवर. शनिवारी आम्ही गेलो, यलो लाइन, रेड लाइन, तेच. एका अनोळखी पोराने मला निळा खडू दिला. हात पुरेल तिथे जागा नव्हती तर त्याने मला चक्क उचलून धरलं. मी मराठीत 'आजी' लिहिलं, आणि खाली ६-४-३, तिच्यासारखा गोल ६ काढून. बाजूला कुणाचे तरी आजोबा होते, कुणाची आई. मग पाऊस आला असेल, गेलं असेल पुसून.

---

गिरगावकर_जुना

थांबलो जरा. नातवाला वाचून दाखवत होतो, मध्येच आवाज बसला.

---

चिंगी_जळगाव

मी काही लिहीत नाही यावर. पण आज केल्या बरं का गुळातल्या लाह्या!! सोडा घातल्यावर पाक असा भसकन वर आला की मी किंचाळलेच, पण काय झाल्यात, कुरकुरीत, अर्ध ताट गार व्हायच्या आधीच गेलं. चिक्कीचा गूळ नव्हता, साधाच घेतला, तर पाकाला जरा जास्त वेळ लागला एवढंच.

आता पंचाईत अशी की मी हा धागा पोरीला वाचून दाखवला, ती सात वर्षांची, आणि ती वाटी उपसून विचारतेय की आत बक्षीस असतं म्हणालीस ते कुठंय?

---

ॲडिसनची_पोर

आजी खडीसाखरेचा एक खडा टाकायची तळाशी, दोऱ्यासकट. दोरा बाहेर दिसू द्यायचा नाही. आणि वाटी नीट बघून उचलायची हं, आमच्यात दोन वाट्या असल्या तरी खडा एकीतच असायचा.